आधी चिंचोके, मग सॉफ्टवेअर

"गेम बनवायचाय, प्रोग्रामिंग येत नाही, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?"

आयटीत असलेल्या माणसाला हा प्रश्न वर्षातून चार-पाच वेळा तरी येतोच. (उरलेले दिवस 'लॅपटॉप कुठला घेऊ' आणि 'प्रिंटर का चालत नाहीये' यांच्यासाठी राखीव. आम्ही बँकांची सॉफ्टवेअरं लिहितो, प्रिंटरशी आमचा संबंध कागद अडकण्यापुरताच, पण हे सांगून कोणाला पटत नाही.) विचारणाऱ्याने तोवर यूट्यूबवर 'टॉप टेन गेम इंजिन्स' छापाचे दोन-तीन व्हिडिओ पाहून झालेले असतात. त्यामुळे प्रश्न खरं तर 'युनिटी की अनरियल?' एवढाच उरलेला असतो. आपण कुठलं तरी एक नाव घ्यावं आणि त्याने मान डोलावून निघून जावं, एवढीच अपेक्षा.

माझं मत असं की नवशिक्यासाठी या प्रश्नाचं उत्तर 'दोन्ही नाही' हे आहे. शिवाय सॉफ्टवेअर निवडणं ही पहिली पायरी नाहीच, तिसरी वगैरे आहे. आता हे जरा पटवून देतो.

मोठी इंजिन्स वाईट आहेत असं मुळीच नाही. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' बनवला तो अनरियलवर. २०२० साली आलेला हा गेम बघून कोणालाही वाटेल की चला, आपणही अनरियल टाकू. पण तो करणारी माणसं मुरलेली होती, टीम होती आणि वर्षं गेली होती. २०१७ साली त्यांनी लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी ते चिकटून राहिले, तेव्हा कुठे गेम आला. अनरियल ५ साठी एपिक कंपनी स्वतःच ३२ जीबी रॅम असावी म्हणते. आपल्याकडे घरी जो लॅपटॉप असतो, ज्यावर आईचं पीएफचं फॉर्म भरणं आणि भाच्याचं मारिओ खेळणं दोन्ही चालतं, त्याला ३२ जीबी म्हणजे काय हे माहीतही नसतं.

बरं, मग दुसरं टोक. 'नो कोड! प्रोग्रामिंगशिवाय गेम बनवा! एका दिवसात!' ही जाहिरात अर्धी खरी आहे. कुठली अर्धी, ते महत्त्वाचं.

प्रोग्रामिंगमध्ये दोन गोष्टी असतात. एक म्हणजे लिहिणं. कंस कुठे, अर्धविराम कुठे, कॅपिटल अक्षर कुठे. दुसरी म्हणजे काय व्हायला हवं हे इतकं स्पष्ट सांगणं, की ज्याला स्वतःची अक्कल नाही अशा यंत्रालाही ते कळावं. नो-कोड साधनं पहिली गोष्ट काढून टाकतात. दुसरी तशीच राहते. स्क्रॅचमध्ये रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे असतात. जीडेव्हलप आणि कन्स्ट्रक्टमध्ये तक्ता असतो, डावीकडे अट, उजवीकडे कृती. म्हणजे 'चेंडू जमिनीला टेकला' असं डावीकडे आणि 'एक जीव कमी कर' असं उजवीकडे. टायपिंगच्या चुका होत नाहीत हे खरं. विचारातल्या चुका मात्र अगदी पहिल्या दर्जाच्या होतात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण माझ्या घरातलंच आहे.

माझी मामेबहीण कोल्हापूरकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिला हातच्याच्या वजाबाकीचा गेम हवा होता. वर्गात ती हे चिंचोक्यांनी शिकवते. दहा चिंचोके कागदात बांधले की एक पुडी. बेचाळीस म्हणजे चार पुड्या आणि दोन सुटे. त्यातून सतरा काढायचे तर सुटे दोनच आहेत, सात कुठून देणार? मग एक पुडी सोडायची. आता तीन पुड्या, बारा सुटे. पोरं हे हाताने झकास करतात, पण पाटीवर आली की गडबडतात. ताईला वाटलं, पालकांच्या मोबाईलवर हेच चिंचोके देता आले तर पोरं घरी दहा-वीस वेळा तरी पुड्या सोडतील.

तिने माझ्याआधी यूट्यूबला विचारलं आणि त्याने युनिटी टाकायला सांगितलं. अनेक जीबी उतरून झाल्यावर समोर जी खिडकी उघडली तिच्यात त्रिमितीय जागा, कॅमेरा आणि सूर्यप्रकाश होता. चिंचोके कुठे ठेवायचे ते काही सापडेना. मग फोन. "अरे, मला सूर्य नको आहे रे, मला पुडी हवी आहे." नवशिक्यांनी युनिटीबद्दल केलेलं इतकं नेमकं वर्णन मी दुसरं ऐकलेलं नाही.

मी तिला म्हटलं, ताई, आधी लॅपटॉप मिट आणि गेम कागदावर खेळून दाखव. तिला त्यात काही नवीन नव्हतं, ती रोज तेच करते. पण या वेळी फक्त लिहायचं होतं. पडद्यावर काय काय वस्तू आहेत? पुडी, चिंचोका, गिऱ्हाईकाची वाटी, एक आकडा. बोटाने काय काय करता येतं? ओढता येतं, बस. कधी जिंकलं? वाटीत बरोबर सतरा पडले की. हरण्याची सोय नाही, कारण ताईच्या मते चौथीच्या पोराला वजाबाकीत हरवायला गेम कशाला, परीक्षा आहेच की. हे सगळं पाठकोऱ्या कागदावर मावलं आणि त्या कागदाने निम्मा निर्णय करून टाकला. सगळं एकाच पडद्यावर, सपाट, वस्तू चार. त्रिमितीय इंजिनाची गरज शून्य.

सॉफ्टवेअर निवडायचं ते या कागदाकडे बघून. तुमच्या कागदावर गोष्ट असेल, वाचणारा पर्याय निवडत पुढे जाणार असेल, तर ट्वाइन घ्या. २००९ पासून आहे, फुकट आहे आणि शेवटी एकच एचटीएमएल फाईल हातात येते, मित्राला पाठवून मोकळं व्हा. चित्रं, पात्रं आणि संवाद असतील तर रेनपाय. गावाचा नकाशा, घराघरात शिरणं, लोकांशी बोलणं, हाणामारी पाळीपाळीने असं असेल तर आरपीजी मेकर. हे विकत घ्यावं लागतं, पण या एका प्रकारात त्याचा हात धरणारं कोणी नाही. मात्र त्याच आरपीजी मेकरमध्ये उड्या मारणारा मारिओ करायला जाल तर रडाल. पोह्याच्या कढईत भाकरी भाजण्यातला प्रकार आहे तो. आणि गेम मूलच बनवणार असेल, तर फार विचार न करता स्क्रॅच. एमआयटीच्या मीडिया लॅबमधून २००७ साली आलं, मिचेल रेझनिक आणि मंडळींनी केलं, मुलांसाठीच केलं. त्याचा पडदा ४८० बाय ३६० एवढासा आहे. मला ते बरंच वाटतं, फार मोठी स्वप्नं त्यात मावतच नाहीत.

ताईचं काम स्क्रॅचमध्येही झालं असतं. पण तिला गेम पालकांच्या ॲन्ड्रॉइड फोनवर, नेट नसताना चालायला हवा होता. स्क्रॅचमधून थेट ॲप निघत नाही, बाहेरची साधनं लावावी लागतात. जीडेव्हलपमधून निघतं. शिवाय ते फुकट आणि मुक्त स्रोत आहे आणि तिच्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर चाललं. झाली निवड. यात 'सर्वोत्तम इंजिन' वगैरे भानगड कुठेच आली नाही.

आता ती विचारातली चूक. ताईने पहिल्याच रविवारी तक्त्यात लिहिलं: पुडी पाटाला टेकली की दहा चिंचोके तयार कर. अगदी रास्त वाक्य. गेम चालू केला, पुडी ओढून पाटावर ठेवली आणि पडद्यावर चिंचोक्यांचा पूर आला. दहा नाही, शेकडो. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला आणि सगळं गोठलं.

झालं काय, तर गेम म्हणजे एका सेकंदात साधारण साठ वेळा काढलेलं चित्र. प्रत्येक चित्राच्या आधी तक्ता वरून खाली वाचला जातो. पुडी टेकलेली आहे का? आहे. दहा चिंचोके. पुढचं चित्र. पुडी अजून टेकलेली आहे का? आहे की! आणखी दहा. सेकंदाला सहाशे चिंचोके. जवळपास प्रत्येक नवशिक्याला हा खड्डा लागतो. 'एकदाच कर' अशी एक तयार अट जीडेव्हलपमध्ये असते, ती लावली की पूर थांबतो. मी ती सांगणार इतक्यात ताई म्हणाली, "थांब. पुडी सोडली, चिंचोके बाहेर आले, तरी पुडी तिथेच कशी काय? पुडी पुसायची राहिली ना माझी! आमची पोरं अगदी हेच करतात रे."

मला आधी कळलंच नाही. मग तिने समजावलं. पाटीवर बेचाळीस वजा सतरा करताना पोरं दोनाचे बारा करतात, पण चाराचे तीन करायला विसरतात. दशक तसंच ठेवून एकक वाढवतात. बारातून सात गेले पाच, चारातून एक गेला तीन, उत्तर पस्तीस. म्हणजे पुडीही ठेवली आणि चिंचोकेही घेतले. तिने तक्त्यात 'पुडी नाहीशी कर' ही दुसरी कृती जोडली आणि पूर थांबला. माझी तयार अट लागलीच नाही. तिची दुरुस्ती माझ्यापेक्षा चांगली होती, कारण माझ्या अटीने पूर थांबला असता, पण सोडलेली पुडी पाटावर तशीच राहिली असती आणि गणित चुकीचं शिकवलं गेलं असतं.

'मला प्रोग्रामिंग येत नाही' म्हणणाऱ्यांबद्दल माझं मत काय, ते या प्रसंगात आलं. ताईला प्रोग्रामिंगची भाषा येत नाही. पण पंधरा वर्षं ती दुसऱ्याच्या डोक्यातली पायरी कुठे चुकली ते शोधतेय. आमच्याकडे याला डिबगिंग म्हणतात आणि त्याचे बरे पैसे मिळतात.

असो. आता एक कसोटी, जी त्या टॉप टेनवाल्या व्हिडिओंत कधीच नसते, कारण ते आपल्यासाठी केलेलेच नसतात. कुठलंही साधन उघडलं की पहिल्या दहा मिनिटांत पडद्यावर हे वाक्य टाकून बघा: 'दऱ्याखोऱ्यांतल्या विद्यार्थ्यांनी निर्णय घेतला.' ऱ्याचा अर्धा र नीट आला का? र्थ्यावरचा रफार जागेवर आहे का? पहिली वेलांटी अक्षराच्या आधी बसली की मागे लटकली? देवनागरी जुळवायला एक वेगळी यंत्रणा लागते आणि पुष्कळ इंजिनांत ती वर्षानुवर्षं नव्हती. गोडोत ती आली चौथ्या आवृत्तीत, म्हणजे २०२३ साली. त्याआधी गोडोत मराठी लिहिणं म्हणजे जोडाक्षरांची हाडं मोजणं होतं. जी साधनं ब्राउझरच्या तंत्रावर उभी आहेत, त्यांना ब्राउझरची जुळवाजुळव आयती मिळते, म्हणून ट्वाइन किंवा जीडेव्हलपमध्ये सहसा अडत नाही. सोबत फॉन्टची फाईल स्वतःची जोडा, फोनच्या भरवशावर राहू नका. मुंबईच्या एक टाइपने केलेला 'मुक्त' फुकट मिळतो आणि बारीक आकारातही वाचता येतो. तुमचा गेम मराठीत असेल तर ही कसोटी रॅमच्या आधी लावा.

यादीवाले आणखी एक करतात, यशाच्या गोष्टी सांगतात. 'अंडरटेल' गेममेकरवर झाला, 'टू द मून' आरपीजी मेकरवर, 'बाबा इज यू' आणि 'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज' क्लिकटीमच्या साधनांवर. सगळं खरं आहे. अगदी १९९३ चा 'मिस्ट' घ्या, तो ॲपलच्या हायपरकार्डवर उभा होता आणि हायपरकार्ड काही गेमसाठी केलेलं नव्हतं. पण यातून एवढंच सिद्ध होतं की साधन छोटं म्हणून गेम छोटा राहत नाही. फ्रेडीजवाला स्कॉट कॉथन त्याआधी कित्येक वर्षं गेम करत होता. लाकूडतोड्या प्राण्यांचा त्याचा आधीचा एक गोड गेम होता, तर लोक म्हणाले, तुझी पात्रं यांत्रिक बाहुल्यांसारखी भीतीदायक दिसतात. त्याने मग खरंच यांत्रिक बाहुल्यांचा भयगेम केला, २०१४ साली. हे कुठल्या सॉफ्टवेअरच्या खोक्यात मिळत नाही.

त्यापेक्षा साधनाच्या मालकाची चौकशी करणं जास्त कामाचं. दोन हजारच्या दशकात कॉम्प्युटर क्लासला जाणारा प्रत्येक हौशी माणूस फ्लॅश शिकला. ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने फ्लॅश प्लेयरचा पाठिंबा बंद केला आणि ब्राउझरमधले हजारो छोटे गेम रातोरात मुके झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने जाहीर केलं की एका मर्यादेपुढे गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल तितके पैसे द्या. एवढा गदारोळ झाला की आधी अटी सौम्य केल्या आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ते शुल्कच रद्द केलं. ताईच्या चिंचोक्यांना त्या शुल्काची झळ कधीच लागली नसती, मर्यादा फार वर होती. पण घराचा मालक मध्येच भाडं बदलू शकतो हे तरी सगळ्यांना कळलं. कन्स्ट्रक्ट ३ चांगलं आहे, पण वर्गणीचं आहे आणि फुकट आवृत्तीत तक्त्याच्या ओळींवर मर्यादा आहे. ओळी संपल्या की तुम्ही तोवर त्याच्या प्रेमात पडलेले असता. गेममेकर विकायचं नसेल तर फुकट वापरता येतं. हे मार्क ओव्हरमार्स नावाच्या डच प्राध्यापकाने १९९९ साली सुरू केलेलं साधन, पुढे हातोहाती फिरत २०२१ साली ऑपेराकडे गेलं. पैसे नसलेल्या आणि दहा वर्षं टिकणारं काही करू पाहणाऱ्या माणसाने मुक्त स्रोत धरावा, असं मला वाटतं. कंपनी बुडाली तरी निदान साधनाची प्रत आपल्या डिस्कवर राहते.

गोडोबद्दलही लोक विचारतात. छान आहे, डाऊनलोडही युनिटीच्या मानाने किरकोळ आहे, पण पहिलंच साधन म्हणून नको. त्यात पूर्वी ठोकळे जोडून लिहायची सोय होती, ती चौथ्या आवृत्तीत काढून टाकली, कारण फारसं कोणी वापरतच नव्हतं. ज्यांना जमत होतं ते सरळ कोड लिहायला लागले होते. गोडो ही दुसरी किंवा तिसरी गाडी. तक्त्याचा कंटाळा आला, 'हे टाईप केलं असतं तर पटकन झालं असतं' असं स्वतःहून वाटलं, की तिकडे जा.

आणि हल्लीचं नवीन उत्तर म्हणजे 'एआयला सांग, तो करून देईल.' देतो, खरंच देतो. वजाबाकीचा गेम मागितला तर मिनिटाभरात खेळता येईलसं काहीतरी हाती येतं. मी ऑफिसात रोज वापरतो, त्यामुळे उगाच नाकं मुरडत नाही. पण त्याने दिलेल्या तीनशे ओळींत पुडी पुसायची राहिली असेल, तर ती ओळ ताईला सापडणार नाही. तक्त्यात सापडली, कारण प्रत्येक ओळ तिने स्वतः मांडली होती. शिकायचं नसेल, नुसता गेम हवा असेल, तर एआय बिनधास्त वापरा. पोरांसमोर ठेवायचा असेल तर प्रत्येक ओळ वाचता यायला हवी.

ताईचा गेम चार रविवारांत उभा राहिला. एपीके फाईल पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली, निम्म्या फोनांनी 'अनोळखी ॲप' म्हणून आधी हटकलं. चित्रं म्हणजे तिने स्वतः काढलेले खऱ्या चिंचोक्यांचे फोटो, कडा जरा ओबडधोबड कापलेले.

आता ती अडकली आहे शंभर वजा सदतीसपाशी. शंभराचा एक डबा, त्यात दहा पुड्या. डबा उघडायचा, मग एक पुडी सोडायची, पण सुटे नाहीत आणि पुड्याही नाहीत, मधला शून्य. एका ओढीत दोन्ही उघडू द्यायचं की पोराकडून दोन पायऱ्या करून घ्यायच्या? एका ओढीत करणं तक्त्यात सोपं आहे, तीन ओळींचं काम. दोन पायऱ्या ठेवल्या तर 'डबा उघडला आहे का' हे कुठेतरी लक्षात ठेवावं लागतं आणि तक्ता दुप्पट होतो. मी सोपं सुचवलं होतं. ती म्हणाली, "नाही रे, वर्गात नेमके तिथेच अडकतात, तिथे दोनच पायऱ्या हव्यात." या रविवारी तेच करणार आहे.